हळद झाली की दोघांले संगंच

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. बचत गटाच्या बैठकीत आम्ही बाया बसलो की कुणाच्या घरातलं काय काय बाहेर पडतं, सासूचं, जावेचं, दवाखान्यातलं, आणि मीही त्यात माझ्याकडचं थोडंफार घालते. पण हे नाही. आज लिहायला बसायच्या आधी मी चहा केला, ओटा पुसला, मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तुमची माझी ओळख नाही हे बरंच आहे. ओळखीच्या माणसाला हे सांगायचं तर मी अजून दहा वर्षं ओटाच पुसत बसेन.

गोष्ट तशी लहान आहे. खरं तर एकच वाक्य आहे — मी बोललेलं. आणि नंतर एक वाक्य, जे मी बोलले नाही. कोणतं जास्त वाईट? मी खूपदा ठरवायला बसले आहे. ठरत नाही.

आमचं शेत रिठदच्या बाहेर, घर शेतातच. सोयाबीन, तूर आणि थोडी हळद. हळद ज्यांनी फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीतून काढली की ती जास्त दिवस ठेवता येत नाही. बायका ओळीनं बसून हातानं तिचे कंद मोडतात, मधला गड्डा एकीकडे, बाजूच्या कांड्या एकीकडे, आणि मग ती वाफेवर शिजवायची. शिजवायचा कुकर भाड्याचा. तो शेतोशेत फिरतो. आपली पाळी आली आणि आपला ढीग मोडून तयार नसला तर कुकरवाला थांबत नाही, पुढच्याच्या शेतात जातो. मग आपण काढलेल्या हळदीकडे बघत बसायचं, ती सुरकुतेपर्यंत.

मोडणीला गावातल्या बाया आता मिळत नाहीत. म्हणून मेळघाटातून जोडपी येतात, लेकरांसकट, आणि विहिरीजवळच्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये राहतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच येतात. त्यांचा एक नियम आहे. काम सगळ्यांनी मिळून घ्यायचं आणि मिळेल ते सारखं वाटायचं. त्यामुळे एका बाईचं लेकरू आजारी पडलं आणि ती बसली, तर त्या दिवशी बाकीच्याही बसतात. एकीनं राबायचं आणि दुसरीनं वाटा घ्यायचा असं नको म्हणून. ऐकायला किती छान वाटतं. मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. पण कुकरची पाळी तोंडावर आलेली असताना हा नियम कसा वाटतो ते पाहुण्यांना कळत नाही.

आदल्या वर्षी तसंच झालं होतं. त्यांच्यातल्या एकीच्या लेकराला लसीची सुई दिली, त्याला ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी ओळीत कुणीच बसलं नाही. झाडाखाली सगळ्या मिळून त्या एका पोराला मांडीवर घेत होत्या. आमची पाळी थोडक्यात वाचली. हे माझ्या डोक्यात राहिलं होतं. हे सांगते ते माझी बाजू पक्की करायला नाही. डोक्यात काय होतं तेवढं तुम्हाला कळावं म्हणून.

तर त्या वर्षी — आरू माझी, वर्षाची व्हायची होती. आणि रामकलीचा बिसन तिच्याहून दोनेक महिन्यांनी मोठा. रामकली म्हणजे त्या बायांमधली सगळ्यांत बोलकी. काटक, हसताना पदर तोंडाशी नेणारी. रोज सकाळी ती ताक न्यायला माझ्या दारात यायची, बिसन कडेवर. मी आरूला खाली सोडायची, ती बिसनला सोडायची, आणि दोघं हळदीच्या ढिगात बसून एकमेकांना पिवळं करायची. रामकली बघत बसायची. मीही. तिला माझ्याशी बोलायचं काही काम नसायचं, तरी थांबायची. मैत्रीण होती का ती माझी? तेव्हा मी असा शब्द वापरला नसता. मजूर बाई म्हटलं असतं.

एके दिवशी आशाताई शेतात आल्या. गावात आजूबाजूला गोवर आहे, बाहेरून आलेल्यांच्या लेकरांना सुई द्यायची आहे, सिस्टर स्वतः शेडवर येतील, बायांना तयार ठेवा, असं सांगून गेल्या. मी "हो, हो" म्हटलं. मनात कुकरची पाळी मोजली. परवावर आली होती.

त्या दुपारी रामकली आली. ताकाची वेळ नव्हती. ती उंबऱ्याबाहेर बसली आणि तिनं बिसनला मांडीवर घेतलं.

आपल्याकडे लोक म्हणतात, या बाया अडाणी, सुईला भितात. भीत नव्हती ती. बिसनच्या आधीच्या सगळ्या सुया तिनं गावाकडे दिल्या होत्या. ही गोवरची तेवढी राहिली, कारण ती द्यायची वेळ आली आणि दिवाळीनंतर कामाला निघायची वेळही आली. घरी असती तर देऊन टाकली असती, असं ती म्हणाली. घरी ताप आला तर सासू आहे, शेजारीण आहे, कोण ना कोण रात्रभर बसतं. इथं परक्या गावात लेकरू तापलं तर कुणाच्या दारात जायचं? फोनवर सासू नको म्हणत होती. नवरा म्हणाला, तुझं तू पाहा. त्यांच्या पाड्यात एका पोराच्या मांडीत सुईनंतर गाठ झाली होती, तेही तिच्या मनात होतं. आशाताईचं बोलणं भरभर, तिला अर्धंच कळलं. तर मग ठरवायचं कसं? तिनं एक मार्ग काढला, आणि आईच्या दृष्टीनं तो अगदी शहाणा मार्ग होता. तिनं माझ्याकडे सल्ला मागितला नाही. सल्ला कुणीही देतं. तिनं एवढंच विचारलं —

"ताई, तुमी आरूले देली का हे सुई?"

आरूला दिली होती. नऊ महिने भरले त्याच आठवड्यात, माझ्या माहेरी शेलूबाजारला. बाळंतपण माहेरी झालं, मी तिथं वरचेवर जायची, तिच्या सगळ्या सुया तिथंच झाल्या. मी स्वतः तिचे पाय धरले होते. ताप आला, एका रात्रीत उतरला, काही झालं नाही.

मी म्हटलं, "नाही देली अजून. इतकी घाई नसते. हळद झाली की दोघांले संगंच देऊ."

हे ते वाक्य.

तुम्ही पाहा, किती साळसूद आहे. "देऊ नको" असं मी म्हटलंच नाही. नुसतं थोडं पुढे ढकललं, आणि माझ्या पोरीला तिच्या पोराशेजारी बसवलं. विचार करून बोलले असते तर इतकं सफाईदार जमलं नसतं. तोंडातून तयारच बाहेर आलं. रामकलीचा चेहरा एकदम मोकळा झाला. आपण एकटे नाही, शिकलेली बाईसुद्धा आपल्यासारखंच करते, एवढं तिला पुरलं. ती उठली आणि जाताना आरूच्या गालाला हात लावून गेली. हाताची हळद गालावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आणि आशाताई आल्या तेव्हा शेडवर सगळ्यांनी नाही म्हटलं. रामकलीनं माझं उत्तर बाकीच्यांना सांगितलं होतं. आशाताई माझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्या. "तुमच्या आरूचं झालं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माहेरी झालं," पण हळू आवाजात, कारण खिडकीबाहेर बाया बसल्या होत्या. एकाच घरातून दोन दिवसांत दोन उत्तरं गेली. आशाताई उसासा टाकून म्हणाल्या, "या बाया आयकतच नाहीत पाहा." मी मान हलवली. "मी लय समजावलं," असंही म्हटलं. ते कशाला म्हटलं? कुणी विचारलं नव्हतं.

कुकर आला. ढीग तयार होता. आमची हळद त्या वर्षी वेळेवर शिजली.

अजून बरीच हळद जमिनीत होती, म्हणून मंडळी थांबली होती. काही दिवसांनी एका सकाळी रामकली ताक न्यायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी, हे पलीकडच्या शेतात कुकरपाशी होते आणि त्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, रामकली बांधापलीकडून मला हाक मारत उभी. बांध ओलांडेना. बिसन तिच्या खांद्यावर, लुगड्यात गुंडाळलेला. डोळे लाल, सारखे पाणावणारे. कानामागून पुरळ गळ्यावर उतरलेलं. माझं ताकाचं भांडं तिनं घासून बांधावर पालथं ठेवलं होतं.

"ताई, बिसनले माता निघाली. तुमी इकडं येऊ नका. आरूले आत ठेवा."

मी म्हटलं, हे गाडी काढतील, रिसोडला दवाखान्यात नेऊ, तू शेडमध्येच थांब. हे मी खरंच म्हटलं. इतकी वाईट मी नव्हते.

तर ती म्हणाली, "नाई ताई. आरूले सुई नाई देली ना. आमी इथं राह्यलो तर तिले लागन. आमी गावाले चाललो."

त्या क्षणी मला काय बोलायचं होतं ते तुम्हाला कळतंच आहे. आरूला दिली आहे. चार शब्दसुद्धा नाहीत. एवढं बोलले असते तर ती बांध ओलांडून इकडे आली असती, आम्ही तिला गाडीवर बसवून रिसोडला नेलं असतं, संध्याकाळपर्यंत बिसन डॉक्टरसमोर असता. ती निघाली होती ती आपल्या पोरासाठी नव्हे — माझ्या पोरीसाठी. एका धोक्यापासून माझ्या मुलीला वाचवायला, जो माझ्या मुलीला नव्हताच.

आणि मी काय म्हटलं? "सांभाळून जा."

काहून? तेव्हा काय वाटलं ते मी पुष्कळदा खणून पाहिलं आहे. कुकरची पाळी नव्हती डोक्यात, ती झाली होती. बाकीच्या बाया चिडतील, निघून जातील, हेही नंतर सुचलेलं. खरं सांगायचं तर मला फक्त लाज वाटली. तोंडावर खोटं ठरायची लाज. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत माझ्याबद्दल काळजी होती, आणि त्या काळजीसमोर ते शब्द काढणं मला जमलं नाही. एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर मी तुम्हाला दिलं असतं.

ती आणि तिचा नवरा रस्त्याकडे गेले. जीप मिळायला वेळ लागला, मला अंगणातून दिसत होतं. तिनं बिसनचं तोंड पदरानं झाकलं होतं, जीपवाल्यानं पुरळ पाहून उतरवू नये म्हणून. मग जीप आली आणि ते गेले. वाशीम, अकोला, मग पुढे डोंगरात. वाटेत किती दवाखाने लागले असतील. त्यांच्यापुढून ती एका ध्यासानं गेली — आधी घर गाठायचं.

बिसन जगला. हे मला बाकीच्या बायांकडून कळलं आणि मी सुटल्यासारखा श्वास सोडला. पाहा, जगला, म्हणजे काही झालं नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. दिवाळीच्या सुमारास माहेरी गेले तेव्हा आरूची गोवरची दुसरी सुई देऊन आले.

पुढच्या हळदीला मंडळी पुन्हा आली. रामकलीही. मी तिला अंगणात पाहिलं. तिच्या हाताला धरून बिसन चालत होता. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर दुधासारखा पांढरा ठिपका. घरी पोचेस्तोवर डोळे चिकटले होते, मग कुणी तरी कसला पाला पिळून डोळ्यात घातला. उजवा वाचला. डावा गेला. तिनं हे मला शांतपणे सांगितलं, आमच्याकडे एखादं झाड वठलं तर सांगतो तसं.

पण हे सगळं तिनं नंतर सांगितलं. आल्या आल्या तिनं पहिलं काय केलं माहीत आहे? आरूला शोधलं. ती पारावर खेळत होती. रामकलीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचे दोन्ही डोळे नीट पाहिले. मग म्हणाली, "बरं झालं. हिले नाई लागली." वर्षभर तिला ती काळजी होती. आपण निघायला उशीर तर केला नाही ना, आपल्या पोराचं मालकिणीच्या पोरीला तर गेलं नाही ना. तिच्या देवाला तिनं बिसनसाठी नारळ कबूल केला, तेव्हा आरूसाठीही केला होता. तो फोडूनच ती कामाला आली होती.

मी तिला चहा दिला. बशी हातात धरून मी उभीच होते.

चार दिवसांनी ती पुन्हा आली, त्याच उंबऱ्यावर. गावात सुईचा दिवस होता.

"ताई, आता मातर देऊन घ्या आरूले. माझ्यासारखं करू नका. मी येतो संगं. संगंच देऊ म्हनलं होतं तुमी."

या वेळी तरी? — तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हटलं. या वेळी ती बांधापलीकडे नव्हती, हातभर अंतरावर होती. घाई नव्हती, कुणी आजारी नव्हतं. बिसन तिच्या मागे उभा राहून एका डोळ्यानं आरूकडे बघत होता. आणि मी म्हटलं, "चाल. पोरीले फ्रॉक घालून आणतो."

आम्ही गेलो. अख्खी ओळ आली होती, सगळ्यांची लेकरं घेऊन. त्या वर्षी रामकलीनं एकेकीला धरून आणलं होतं. आशाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमी समजावलं म्हणून आल्या." मी नाही म्हटलं नाही. रामकली बिसनला धरून दाराशी बसली होती. सिस्टर नवीन होत्या. त्यांनी आरूचं कार्ड मागितलं. आशाताई तेव्हा दुसऱ्या बाईशी बोलत होत्या. मी म्हटलं, कार्ड नाही, गोवरची राहिली आहे. हा खोटेपणा मी एका सरकारी बाईशी केला, माझ्या पोरीच्या अंगावर केला, आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

जास्तीच्या सुईनं अपाय होत नाही, असं मला ठाऊक होतं. तसं माहेरच्या सिस्टर एकदा बोलल्या होत्या. नसतं ठाऊक तर मी काय केलं असतं, हा विचार मी इथंच थांबवते.

आरू रडली. रामकलीनं तिचे पाय धरले. एकदा मी धरले होते तसेच, घट्ट, पण अंगठ्यानं तळवा चोळत. बिसन रडला नाही. मग आम्ही शेतातून घरी आलो, दोन्ही लेकरं दमून कडेवर.

संध्याकाळी आरू तापली. बाकी कुणाचंच लेकरू तापलं नाही, बिसनही नाही. सकाळी माझ्या आधी रामकली पाण्याचं घमेलं घेऊन ओसरीवर बसलेली. तिनं आरूला मांडीवर घेतलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि मला म्हणाली, "तुमी सैंपाक पाहा ताई. मी हाव ना." त्या दिवशी ती मोडणीला गेली नाही. आणि ती बसली म्हणून बाकीच्याही बसल्या. नियम होता त्यांचा. सगळ्या माझ्या ओसरीवर आल्या, माझ्या पोरीला पाळीपाळीनं मांडीवर घेतलं, तिच्या तळव्यांना काहीबाही चोळलं, त्यांच्या बोलीत तिला काहीबाही म्हटलं. अंगणात हळदीचा ढीग तसाच पडून होता. कुकरची पाळी जवळ आली होती. ह्यांनी दोनदा येऊन पाहिलं आणि मला खुणेनं विचारलं, काय करायचं? मी घमेल्यात ताजं पाणी ओतलं.

दुपारी ताप उतरला. रामकली हसली, पदर तोंडाशी नेऊन.

आरू आता शाळेत जाते. मंडळी दर वर्षी येतात. बिसन उजवी बाजू पुढे करून चालतो, डावीकडून काही धडकलं की दचकतो. आरू त्याच्या डाव्या हाताला चालते. तिला तसं कुणी शिकवलेलं नाही. आणि रामकली अजून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगते, मालकिणीचं आणि माझं सारखंच चुकलं होतं, पण तिची पोरगी वाचली, देवाची कृपा.

आरूची ती तिसरी सुई होती. रामकलीला वाटतं, पहिली.